बंदरं माझी, समुद्र त्यांचा

बाळांनो, मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनच्या पडद्याला तोंडं चिकटवून मला विचारलंत, "आजी, कुठली बोट?" तुमच्या बाबांनी पुढच्या हिवाळ्यासाठी दोन क्रूझ निवडून ठेवल्या आहेत. एक रोज सकाळी नव्या बंदराला लागते. दुसरी दोनच ठिकाणी थांबते आणि बाकीचे दिवस नुसती समुद्रातून चालते. ताईला पहिली हवी, कारण तिला गावं पाहायची आहेत. धाकट्याला दुसरी हवी, कारण तिच्यावर घसरगुंडीचा तलाव आहे. मग तुम्ही आजोबांना विचारलंत, तर ते म्हणाले, "मला काय, कुठलीही चालेल."

ते खरं नाही. आजोबांना कुठलीही चालत नाही, आणि त्यांना कुठली हवी हे ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत. बाबांना या आठवड्यात बुकिंग करायचं आहे, म्हणून आजच लिहायला बसले. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण फोनवर आजोबा माझ्या शेजारीच असतात.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला भराभर वाचता आलं असतं. मी जन्मभर इंग्रजीतूनच भूगोल शिकवला, मलाही ते जड नव्हतं. पण हे सगळं घडलं मराठीत. तुमचे आजोबा इंग्रजीत फक्त अर्ज करतात, चेष्टा मराठीत करतात. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा. त्यांनाही अडला तर मला कळवा, म्हणजे मी त्यांची शिकवणी घेईन.

आधी आमच्या प्रवासाची पद्धत सांगते. आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासून सोलापुरातल्या सहलीच्या बसने हिंडायचो. उजाडायच्या आत आंघोळ, मग चहा-पोहे, मग एका दिवसात किल्ला, देऊळ, संग्रहालय, बाजार, आणि जेवणानंतर पुन्हा उरलेला बाजार. मला ते फार आवडायचं. वर्षानुवर्षं मी फळ्यावर नकाशे काढले होते. निळ्या खडूने किनारा, पांढऱ्या खडूने बंदरं. कोची तर मी इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटूनही काढलं असतं. पण सोलापुरात राहून समुद्र कुठून दिसणार? आपल्याकडे मोठं पाणी म्हणजे तलाव, आणि तोही उन्हाळ्यात मागे सरकतो. शिकवलेलं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं मी ठरवलं होतं, आणि एखादी गोष्ट ठरवली की मी ती करते.

आपल्याकडच्या सहलीत एक माणूस सामानापाशी बसतो. तो कुणी नेमत नाही, पण प्रत्येक सहलीत असतोच. बस लांब लावलेली असते, हॉटेलची खोली सोडलेली असते, दुसरी अजून मिळालेली नसते. मग सगळ्यांच्या पिशव्या, स्वेटर, चपला, अर्ध्या खाल्लेल्या काकड्या एका बाकावर ठेवतात, आणि एकजण म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मी बसतो सामानापाशी." पहिल्या एक-दोन सहलींत पाळीपाळीने कुणीतरी बसायचं. मग तुमचे आजोबाच बसायला लागले. कुणी विचारायच्या आत ते बाकाकडे चालायला लागायचे. बायका म्हणायच्या, "तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस." मीही मान हलवायची.

खरं कारण होतं उजवा गुडघा. पाटबंधारे खात्यात असताना हा माणूस अकलूजकडच्या कालव्यांवरून दिवस दिवस चालायचा, सोबतचे लोक मागे राहायचे. त्यामुळे आपल्याला पायऱ्या चढवत नाहीत, हे तोंडाने म्हणणं त्यांना जमत नव्हतं. सामान राखणं ही मात्र कामगिरी होती. सामान राखणाऱ्याला कुणी म्हातारा म्हणत नाही.

मग राजस्थानची सहल झाली. तिथे दर दिवसाला एक किल्ला, आणि प्रत्येक किल्ला डोंगरावर. घरी आल्यावर आम्ही मावंदं घातलं. प्रवास सुखरूप झाला म्हणून आपल्याकडे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात, तेच मावंदं. जेवायला आलेली माणसं एकच प्रश्न विचारतात, काय काय पाहिलंत? मी किल्ल्यांची नावं क्रमाने सांगितली. मग कुणीतरी आजोबांना विचारलं.

"मी बॅगा पाहिल्या," आजोबा म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या वहिनींची निळी बॅग फार सुरेख आहे. चेन जरा अडकते, तेवढंच."

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पाहुणे गेल्यावर आजोबा ताटं पुसून मांडणीत लावत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी तू जा. मी घरी थांबतो. पाणी भरायला कुणीतरी लागतंच."

तुम्हाला माहीत आहे, आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी घरात माणूस हवंच. कारण पक्कं होतं, अगदी सामानाइतकं पक्कं. पण मला कळलं की आता हे म्हणतात तसंच होणार. मी भिशीतल्या बायकांबरोबर हिंडणार आणि हे घरी पिंप भरणार. एका बसने जायची आमची इतक्या वर्षांची सवय मोडणार. मला ते नको होतं. कसं थांबवायचं, ते मात्र सुचत नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, आणि तुमच्या बाबांनी आम्हाला क्रूझची भेट दिली. आपल्याच देशातली, मुंबईहून निघणारी. कुठली ते आम्ही ठरवायचं होतं. आम्ही नवी पेठेत सहलींचं बुकिंग करणाऱ्याकडे गेलो. मोठा गोड बोलणारा गृहस्थ. त्याने दोन रंगीत पत्रकं पुढे ठेवली.

"काकू, ही बघा, लई भारी हाय. गोवा, कोची, लक्षद्वीप. रात्री झोपायचं आन् सकाळी उठायचं, की गाव बदललेलं. सामान सुद्धा हलवायला नको."

"आणि ही दुसरी?" आजोबांनी विचारलं.

"ही काय, एका ठिकाणी थांबती. बाकी समुद्रच. आराम करणाऱ्या लोकांची हाय ती."

"मग हीच," आजोबा म्हणाले.

मी चकित झाले. हा माणूस दुकानात शर्टाचा रंगसुद्धा स्वतः निवडत नाही.

"अहो, समुद्रात काय बघायचं?" मी म्हटलं. "सोलापूरहून एवढं लांब जायचं ते नुसतं बसायला? बसायला आपली गच्ची आहे की."

"गच्चीवर तुझं वाळवण असतं."

"कोची समोर असताना खोलीत लोळायचं?"

"कोची तू फळ्यावर काढलंस तेवढं पुरे नाही का?"

बुकिंगवाला आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. संध्याकाळी शेजारची पद्मशाली घरातली काकी आली. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, आता दुकान आहे. तिने दोन्ही पत्रकं बघितली आणि निकाल दिला. "समुद्र एकदा बघितला की झालं की. परत परत तेच पाणी. गावं बघा, चार साड्या घ्या." आजोबा म्हणाले, "यांचं मत मोजायचं नाही, यांचं साड्यांचं दुकान आहे." काकीला हसू आवरेना.

दोन दिवस आमच्या घरात चहाबरोबर हाच विषय होता. मी बंदरांची बाजू मांडायची आणि ते म्हणायचे, "बरोबर आहे तुझं. पण मला ती रिकामी बोट बरी वाटते." का, ते सांगायचे नाहीत. शेवटी बुकिंगवाल्यानेच तोडगा काढला. तो म्हणाला, "काका, बंदरांच्या बोटीत पण येताना एक पूर्ण दिवस समुद्रच हाय. कुटं थांबत न्हाय. काकूंचं पण झालं, तुमचं पण झालं." आजोबांनी मान डोलावली. मला वाटलं, मी जिंकले. आणि मुख्य म्हणजे ते येणार होते. पाणी भरायचं काम काकीने घेतलं.

मुंबईला धक्क्यावर पोहोचलो तर दारातच बोटीच्या माणसांनी आमच्या बॅगांना चिठ्ठ्या अडकवल्या आणि त्या घेऊन गेले. आम्ही मोकळ्या हातांनी रांगेत उभे. आजोबा अस्वस्थ.

"बॅगा कुठे गेल्या?"

"खोलीत येतील म्हणाले."

"पण आत्ता त्यांच्यापाशी कोण बसलंय?"

"कुणी नाही बसलंय. मशीनमधून जातात म्हणे."

त्यांना ते काही बरं वाटलं नाही. त्यांनी हात मागे बांधले, पुढे घेतले, पुन्हा मागे बांधले.

बोट म्हणजे एक पडलेली गगनचुंबी इमारतच. खोलीला छोटी गॅलरी होती. मी तिथे उभी राहून मुंबई मागे जाताना बघितली. आत आले तर आजोबांनी न्हाणीघरातले दोन ग्लास, चहाची किटली, बर्फाचं भांडं, आमच्या दोन्ही बाटल्या आणि कचऱ्याची नवी कोरी बादली, सगळं काठोकाठ भरून ओळीने मांडून ठेवलेलं. बेसिनलाही बूच लावून तेही भरलेलं. नेमका खोली आवरणारा गृहस्थ टॉवेल द्यायला आला. तो बिचारा गोंधळला.

"सर, नल खराब है क्या?"

"नहीं नहीं, नल अच्छा है," आजोबा म्हणाले. "कब तक आएगा?"

"कौन, सर?"

"पानी."

त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं की पाणी जात नाही. आजोबांनीही नम्रपणे मान डोलावली, पण भरलेलं पाणी त्या दिवशी ओतलं नाही. खरं सांगायचं तर मीही ओतू दिलं नाही. चारी बाजूंनी समुद्र असताना सोलापूरची माणसं पहिलं काम काय करतील, तर भांडी भरून ठेवतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. मी टोपी, बूट, गॉगल, सगळं घालून तयार. आजोबा पलंगाच्या कडेला बसलेले. नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "तुम्ही सामानापाशी..." आणि मी थांबले. बॅगा कपाटात होत्या. दार आपोआप बंद होत होतं. राखायला काहीच नव्हतं.

आजोबांनीही कपाटाकडे बघितलं. "हो की," ते म्हणाले. "आता बसायचं तर कशासाठी बसायचं?" मग उठले, बूट घातले आणि माझ्याबरोबर उतरले.

तो दिवस त्यांना फार जड गेला. आधी जिना, मग लांबच लांब धक्का, मग बस, मग चर्चच्या पायऱ्या. ऊन तापलेलं. बसमध्ये परत चढताना ते शेवटचे असायचे, आणि आत बसलेले लोक खिडकीतून बघत असायचे. एका माणसाने आमच्याकडे बघून घड्याळ पाहिलं. ते मला दिसलं आणि आजोबांनाही दिसलं. त्यानंतर ते जरा भरभर चालायचा प्रयत्न करायला लागले. ते बघवत नव्हतं.

बोटीवर परत आल्यावर समोर नाना तऱ्हेचे पदार्थ मांडलेले. त्यांनी ताटात फक्त दहीभात घेतला. थोड्या वेळाने चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या मी बोटीवरच राहतो."

मी वाट बघितली. पुढे काहीतरी कारण येईल म्हणून.

"गुडघा दुखतो," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य त्यांनी उघडं, एकटं असं म्हटलं. सामान नाही, पाणी नाही. मी म्हटलं, "बरं." आणि त्यांच्या ताटात एक गुलाबजाम वाढला. तो त्यांनी खाल्ला.

कोचीला मी एकटी उतरले. बाळांनो, इथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, मला फार मजा आली. ज्या खाडीचं तोंड मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं, तिच्या काठावर मी उभी होते. चिनी पद्धतीची ती मोठमोठी मासेमारीची जाळी खरोखर तशीच होती, फक्त त्यांचा करकर आवाज कुठल्या पुस्तकात नव्हता. मसाल्यांच्या गोदामांच्या गल्लीत सुंठीचा वास इतका होता की सगळी बस शिंकत होती. मी पायी हिंडले, नारळपाणी प्यायले, ताईच्या वयाच्या एका मुलीला भरती-ओहोटी समजावून सांगितली. तिने विचारलं नव्हतं. बंदर मला आवडतं ते आवडतंच.

परतताना बस धक्क्यावर वळली आणि बोट समोर आली. सगळ्यात वरच्या मजल्याच्या कठड्याशी एक माणूस पांढरा टॉवेल हलवत होता. मला वाटलं, काय हा बावळटपणा. मग ओळखलं, ते आपलेच आहेत.

वर गेले तर आजोबांच्या शेजारी एक जोडपं बसलेलं. सांगोल्याचे डाळिंबवाले. त्यांच्या मुलीने त्यांना पाठवलं होतं, जसं आम्हाला तुमच्या बाबांनी. चहा आला, आणि तुमचे आजोबा बोलायला लागले. दिवसभर त्यांनी वरून बंदर बघितलं होतं. एवढ्या मोठ्या बोटीला दोन बुटक्या बोटी कशा ढकलतात, वाट दाखवणारा माणूस हलत्या दोरशिडीवरून कसा चढतो, क्रेनचा एक फेरा किती वेळ घेतो, आणि मुख्य म्हणजे बोटीत गोडं पाणी कसं भरतात.

"एवढ्या जाड नळ्या," त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. "अगं, काय दाब असेल. मी तिथून हललोच नाही."

सांगोल्याचे भाऊ म्हणाले, "साहेब मला दाखवत हुते. म्या म्हटलं, एवढं पाणी खाली हाय, आन् प्यायला नळीनं भरून घ्यावं लागतंय. म्हंजे आमच्या तालुक्यासारखंच की. हितं बी टँकरच."

त्यांची मालकीण बोटीवरून कुठेच उतरली नव्हती, आणि उतरणार नव्हती. मी म्हटलं, "अहो, एवढं आलात तर गाव बघून घ्यायचं."

"कशाला वो ताई?" ती म्हणाली. "उतरायचं, चालायचं, घ्यायचं, उचलून आनायचं. ते मी घरी करतीच की. हितं कुनी हाक मारत न्हाय. मला तर ही बोट थांबूच नये वाटतंय."

त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, "तू गाव पाहिलंस. मी बंदर पाहिलं." ते बरोबरच होतं. मला तर धक्क्यावरची क्रेन दिसलीच नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षद्वीप. तिथे बोट दूर उभी करतात आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. मी रबरी चपला, जादा कपडे, सगळं बांधून तयार. सकाळी भोंग्यावरून कप्तानाचा आवाज आला. लाटा मोठ्या आहेत, होड्या सोडता येणार नाहीत, क्षमस्व. बोट तशीच परत वळणार.

सगळ्या बोटीवर नाराजी पसरली. एक गुजराती कुटुंब तर कप्तानाला भेटायलाच निघालं. सांगोल्याच्या ताईंनी तेवढे हात जोडून देवाचे आभार मानले. मी खोलीत येऊन बांधलेली पिशवी सोडली, कपडे परत लावले, कपाट आवरलं. मग आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. वर जाऊन बोटीला फेऱ्या मारल्या. फलकावर दिवसाचे कार्यक्रम वाचले. टॉवेलचा हत्ती कसा करायचा, याचा वर्ग होता. मी तोही केला. हत्ती घेऊन आजोबांकडे आले. ते खोलीच्या गॅलरीत खुर्चीवर बसलेले होते.

"बस," ते म्हणाले.

"काय करू बसून?"

"काही करायचं नसतं. तुला येत नाही ते. मी शिकवतो. इतकी वर्षं बाकावर काढली आहेत."

मी बसले. समोर निळं पाणी, आणि पुढे काहीच नाही. मी थोड्या वेळाने म्हटलं, "झालं?" ते म्हणाले, "अजून सुरू पण नाही झालं." मग बऱ्याच वेळाने ते आपण होऊन बोलायला लागले.

"त्या किल्ल्याच्या दरवाज्यापाशी तुम्ही सगळे वर गेलात ना, तिथे एक बाई ताक विकत होती. तिची सासू समोरच्या बाजूला ताकच विकायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. पण सासूचे ग्लास संपले की सून न बोलता आपले नेऊन ठेवायची."

मला ती बाई आठवेना. मला किल्ला आठवत होता, त्याचं बांधकाम कुणी केलं ते आठवत होतं.

"आणि दक्षिणेत त्या डोंगरावरच्या देवळापाशी," ते म्हणाले, "एक माकड रोज एकाच दुकानातून केळी चोरायचं. दुकानदाराने मला सांगितलं, दुसऱ्या दुकानात गेलं तर मला वाईट वाटेल. तो त्याच्यासाठी मुद्दाम पुढे ठेवायचा."

असं एकेक. आम्ही ज्या ज्या गावी गेलो, त्या प्रत्येक गावचं काहीतरी त्यांच्यापाशी होतं. बसस्टँडवर भांडून दोन वेगळ्या बाकांवर बसलेलं आणि एका वडापावावर समेट झालेलं नवं जोडपं. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने शिकवलेली विडी न ओढताही पेटती ठेवायची युक्ती. आमच्याच सहलीतल्या एका बाईंच्या बॅगेत प्रवासभर लपवलेलं लोणचं, ज्याचा वास फक्त आजोबांना माहीत होता. मी हसून हसून दमले.

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"कुणी विचारलं? मावंद्याला सगळे विचारतात, काय पाहिलंत. म्हणजे नावं सांगायची. या लोकांची नावं मला कुठे माहीत आहेत?"

त्या दिवशी मला आमच्या सगळ्या सहलींचा दुसरा अर्धा भाग मिळाला. मी देवळात असताना देवळाबाहेर जे चाललं होतं, ते. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही राजस्थान आणि अर्धा कर्नाटक पुन्हा एकदा करून आलो, तेही खुर्चीवरून न उठता. टॉवेलचा हत्ती वाऱ्याने केव्हाच सुटून गेला होता.

उन्हं उतरली तेव्हा आजोबा म्हणाले, "मग पुढच्या वेळी कुठे?"

मी म्हटलं, "तुम्ही तर पाणी भरायला थांबणार होतात."

"काकी भरते की," ते म्हणाले. "चांगलं भरते."

पुढचा दिवसही समुद्रातच होता, पत्रकात छापलेला. त्या दिवशी मी टोपी काढलीच नाही पेटीतून. सांगोल्याची दोघंही आमच्या गॅलरीत येऊन बसली. त्यांनी आणलेल्या कडक भाकरी आणि आमची शेंगाचटणी, असं आमचं जेवण झालं. खाली एवढी मेजवानी मांडलेली असताना.

घरी आल्यावर मावंदं घातलंच. या वेळी आजोबांना विचारलं तेव्हा त्यांनी पाण्याच्या नळ्यांपासून सुरुवात केली, आणि ताकवालीवर येईपर्यंत भात गार झाला होता. कुणी उठलं नाही.

तर आता माझं उत्तर. दुसरी बोट घ्या, दोन बंदरांची. ताई, दोन्ही गावांत मी तुझ्याबरोबर उतरणार आहे, आणि मी दमत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या आईला म्हणावं, चांगले बूट घे. दोन गावं नीट बघितली तर पाच धावत बघण्यापेक्षा तुला जास्त लक्षात राहतील. हे मी शिक्षिका म्हणून सांगते आहे. धाकट्या, तू घसरगुंडीवर जा, पण दुपारी आजोबांच्या शेजारची खुर्ची तुझी. त्यांना काय पाहिलंत असं विचारू नकोस. कोण कोण दिसलं, असं विचार. आणि ते बोटीवर थांबतो म्हणाले की कारण विचारायचं नाही. ते आता स्वतःच सांगतात. डॉक्टर शस्त्रक्रिया करू म्हणतात, आजोबा बघू म्हणतात. काठी मात्र घेतली आहे, आणि ती घेऊन भाजीला जातात.

त्या प्रवासाचं काय उरलं आहे, तेही लिहून ठेवते. फोटो फोन बदलताना गेले. ती बोट आता त्या मार्गाने जात नाही, असं बुकिंगवाला म्हणाला. माझी टोपी हरवली. डाळिंबाच्या हंगामात सांगोल्याहून एक पेटी येते, आणि आम्ही चटणी पाठवतो. दुपारच्या चहानंतर आम्ही दोघं मागच्या गॅलरीत खुर्च्या टाकून बसतो, खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसं बघतो, आणि तेवढा वेळ मी काहीही आवरत नाही. ते बसणं अजून चालू आहे.